सुट्टीआधीचा आठवडा बुडवू नका



यंदा हॅम्बर्गच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते ९ जुलैला. म्हणजे शाळेचा शेवटचा दिवस बुधवार, ८ जुलै २०२६, आणि शाळा पुन्हा भरणार गुरुवारी, २० ऑगस्टला. मधले सहा आठवडे लहान मुलांना घेऊन काय करायचं, कुठे जायचं, हे आज बोलायचंच आहे. पण आधी त्याच्या अलीकडच्या आठ-दहा दिवसांबद्दल बोलू. भारतातून नव्याने आलेली बरीच कुटुंबं नेमके हेच दिवस बुडवतात.

कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे. शाळा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीचं मुंबईचं तिकीट महाग असतं, पाच दिवस आधीचं स्वस्त. चार जणांचे मिळून समजा आठशे युरो वाचतात. मग घरात कोणीतरी म्हणतं, "शेवटच्या आठवड्यात शिकवतात कुठे? नुसतं खेळणं आणि खाणं!" अगदी खरं आहे. नुसतं खेळणं आणि खाणंच असतं. पण मुलाला मोठेपणी इथल्या शाळेतलं जे आठवेल, त्यातलं बरंचसं याच आठवड्यातलं असेल.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. जर्मनीत शाळेत पाठवणं ही पालकांवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे आणि ती सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत असते. रजा हवी तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि कारण वजनदार लागतं. घरचं लग्न किंवा जवळच्या माणसाचं गंभीर आजारपण चालेल, स्वस्त तिकीट चालणार नाही. सुट्टीला लागून मागितलेल्या रजेकडे तर शाळा जास्तच बारकाईने बघतात आणि ऐन त्याच दिवसांत मूल आजारी पडलं तर डॉक्टरांचा दाखला मागू शकतात. विनापरवानगी गैरहजेरीला दंड होऊ शकतो. २०१८ साली बव्हेरियात, मेमिंगनच्या विमानतळावर, पोलिसांनी सुट्टीच्या आधी शाळकरी मुलं घेऊन निघालेल्या कुटुंबांची तपासणी केली होती, ती बातमी देशभर गाजली. आपल्याकडे 'ताप आलाय' ही चिठ्ठी जितकी सहज खपते तितकी इथे खपत नाही. शिवाय परत आल्यावर मूल स्वतःच वर्गात सगळ्यांना सांगतं की आम्ही तीन तारखेलाच विमानात बसलो.

आता मुद्द्याचं. वर्ष संपताना इथे होतं काय?

आपल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलन हिवाळ्यात असतं, स्टेज, पाहुणे, बक्षिसं, सगळं तेव्हाच. वर्षाच्या शेवटी परीक्षा, मग १ मे रोजी झेंडावंदन, निकाल आणि पेढे. निरोप समारंभ म्हणाल तर दहावीला. इथे उलट आहे. स्टेज नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, पण निरोप मात्र लहानपणापासून, आणि तो अगदी हाताने, शरीराने दिला जातो.

सर्वांत मजेशीर निरोप किटातला, म्हणजे बालवाडीतला. त्याला म्हणतात 'राउसश्मिस'. शब्दशः अर्थ हाकलून देणं. जूनमध्ये कधीतरी किटाकडून मेल येतो, तुम्ही तो फोनवर मराठीत किंवा हिंदीत बदलून बघता, आणि वाचता की शुक्रवारी दुपारी तीन वाजता आपल्या मुलाची हकालपट्टी आहे, पालकांनी उपस्थित राहावं, केक आणावा. घाबरू नका. बऱ्याच किटांमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना खरोखरच बाहेर फेकतात. दाराबाहेर जाड गाद्या अंथरलेल्या असतात. दोन शिक्षिका मुलाला हातापायांना धरून झोका देतात, अंगणातले सगळे मिळून मोजतात, आइन्स, त्स्वाय, द्राय, आणि मूल गादीवर! काही ठिकाणी खिडकीतून घसरगुंडी लावतात, काही ठिकाणी आई-बाबांनीच गादी धरून उभं राहायचं असतं. मूल उठतं, हसतं, आणि पुन्हा आत पळायला बघतं. तेव्हा सगळे ओरडतात की आता तुला आत यायचं नाही, तू शाळेतला.

मला हा प्रकार फार आवडतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'आता तू मोठा झालास' हे भाषणातून कळत नाही. गादीवर पडल्यावर कळतं.

त्याच्या आसपास बहुतेक किटांत एक रात्र मुक्काम असतो. झोपायची पिशवी, आवडतं खेळणं, टॉर्च घेऊन मुलं किटातच झोपतात. आपल्याकडच्या अनेक आया इथे अडखळतात, कारण आपली मुलं सहा वर्षांपर्यंत आपल्या कुशीतच झोपलेली असतात. पाठवा. रात्री घेऊन जायची वेळ आली तर शिक्षिका फोन करतात, त्यात कमीपणा काही नाही. आणि त्याच दिवसांत मुलाची जाडजूड फाइल घरी येते, तीन वर्षांतले फोटो, पहिल्या रेघोट्या, मूल काय बोललं त्याच्या नोंदी. ही फाइल सामानात भरून भारतात नेऊन आजी-आजोबांना दाखवण्यासारखी असते. किटाला शाळेसारखा हजेरीचा कायदा नाही, त्यामुळे इथे कोणी अडवणार नाही. पण तारीख आधी विचारा, मग तिकीट काढा. किटांच्या तारखा शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या नसतात.

शाळेत शेवटच्या आठवड्यात वर्ग आवरला जातो. मातीची भांडी, अर्धवट शिवलेली पिशवी, व्यायामाचे बूट, वर्गात घालायच्या सपाता, हे सगळं घरी येतं. सापडलेल्या वस्तूंचं टेबल मांडलेलं असतं, त्यावर तुमच्या मुलाच्या दोन टोप्या आणि एक जाकीट नक्की असतं. निकालपत्राला 'त्सॉइग्निस' म्हणतात. सुरुवातीच्या इयत्तांत त्यात आकड्यांपेक्षा शब्द जास्त असतात. पुढे आकडे येतात तेव्हा आजी-आजोबांना आधी समजावून ठेवा की इथे १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ६ म्हणजे नापास. नाहीतर व्हिडिओ कॉलवर नातीने अभिमानाने "गणितात एक!" म्हटलं की तिकडे शांतता पसरते.

पण हॅम्बर्गमध्ये खरा निरोप असतो चौथीचा. इथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीपासून मुलं दोन वाटांनी जातात. एक गिम्नाझियुम, तिथे बारा वर्षांत आबिटुअर, म्हणजे आपली बारावी म्हणा. दुसरी श्टाटटाइलशूले, तिथेही आबिटुअर होतं, फक्त तेरा वर्षांत. हे वेगळं होणं इतक्या लवकर असावं का, यावर या शहराने मतदान केलेलं आहे. त्यावेळच्या सरकारला मुलांना सहावीपर्यंत एकत्र ठेवायचं होतं. १८ जुलै २०१० रोजी सार्वमत झालं आणि लोकांनी ते नाकारलं, त्याच दिवशी महापौर ओले फोन बॉइस्ट यांनी राजीनामा जाहीर केला. तेव्हा दहाव्या वर्षी ताटातूट, हे इथे ठरवून राखलेलं आहे.

याचा अर्थ काय, तर चौथीच्या शेवटच्या दिवशी वर्गातली वीस-बावीस मुलं चार-पाच शाळांमध्ये विखुरणार असतात. कोण कुठे जाणार हे वसंतातच कळलेलं असतं, पण मुलांना ते पटतं शेवटच्या आठवड्यात. म्हणून या आठवड्यात निरोपाची पार्टी, कधी शाळेच्या अंगणात तंबू, एकमेकांच्या टीशर्टवर सह्या. आणि 'फ्रॉइंडेबुख'. आपण दहावीत स्लॅमबुक भरायचो ना, तेच, फक्त इथे ते बालवाडीपासून सुरू होतं. आवडता रंग, आवडता प्राणी, आवडतं जेवण. या वहीत फोन नंबर आणि पत्ता आवर्जून लिहून घ्या. शाळा माहितीच्या गोपनीयतेमुळे तुम्हाला कोणाचा नंबर देणार नाही, आणि वर्गाचा चॅट ग्रुप सप्टेंबरपर्यंत थंड पडतो. परदेशातल्या मुलासाठी पहिले चार वर्षांचे मित्र म्हणजे चुलत-मामे भावंडांच्या जागी असतात. ते आठशे युरोंत बसत नाहीत. मी आयुष्यभर खर्च आणि फायद्याचे तक्ते मांडत आलो आहे, म्हणून मुद्दाम सांगतो, या तक्त्यात ती ओळ घातलीच पाहिजे.

आता शाळेच्या उन्हाळी मेळाव्याबद्दल थोडं. यादी येते, कोण काय आणणार. आपण हमखास केकच्या रकान्यात अडकतो, कारण इथल्या सगळ्यांचे केक आपल्यापेक्षा बरे होतात. ढोकळा न्या, शंकरपाळी न्या, छोटे बटाटेवडे न्या, टेबलावर सर्वांत आधी तेच संपतं. फक्त कागदावर घटक लिहून ठेवा, आणि दाण्याचं कूट कुठे आहे ते ठळक लिहा. चिवडा, खिचडी, कोशिंबीर, आपलं अर्धं स्वयंपाकघर शेंगदाण्यावर चालतं आणि वर्गात एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी असू शकते. मांसाहाराबद्दल विचारायला संकोचू नका. जाळीवर सॉसेज भाजायला ठेवतात तेव्हा शाकाहारी आणि बिनडुकराचं वेगळं ठेवावं अशी मागणी इथे नेहमीची आहे, फक्त आधी सांगावं लागतं.

आणि शिक्षकांची भेटवस्तू. इथे आपला मोठेपणा आवरा. शिक्षक सरकारी नोकर असतात, महाग भेट घेणं त्यांच्या अंगाशी येऊ शकतं. बर्लिनमध्ये २०१४च्या सुमारास एका वर्गाने निरोपाला आपल्या शिक्षिकेला सुमारे २०० युरोंची भेट दिली, प्रसिद्ध विनोदकार लोरियो यांची एक छोटी मूर्ती. तिथे मर्यादा होती १० युरोंची. एका वडिलांनी तक्रार केली, आणि प्रकरण मिटवायला शिक्षिकेला ४००० युरो भरावे लागले. सगळ्या वर्गाने मिळून पैसे काढले होते, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तेव्हा पैठणी नको, चांदीचा गणपती नको, रोख पाकीट तर नकोच. पालक-प्रतिनिधी जे सांगतील त्यात आपला वाटा द्यावा, आणि वर मुलाच्या हातचं एक चित्र किंवा पत्र.

(संगीत)

तर ८ जुलै उजाडतो, शाळा नेहमीपेक्षा लवकर सुटते, आणि पुढे सहा आठवडे.

एक गणित आधीच करून ठेवा. शाळांच्या सुट्ट्या वर्षाला ७५ कामाचे दिवस असतात, त्यात शनिवार धरतात, म्हणजे साडेबारा आठवडे. नोकरीत तुम्हाला ३० दिवस रजा असेल तर ते सहा आठवडे. दोघांची मिळून बारा. म्हणजे आई-बाबांनी कधीच एकत्र रजा घेतली नाही तरी ती पुरत नाही. त्यासाठी शाळेची सुट्टीतली देखभाल असते. एरवी सकाळी आठ ते दुपारी चार शाळेत ठेवणं हॅम्बर्गमध्ये मोफत आहे, पण सुट्टीतल्या आठवड्यांसाठी वेगळी नोंदणी आणि उत्पन्नानुसार पैसे लागतात. ती नोंदणी आधी करायची असते, जुलैत जाग येऊन उपयोग नाही.

राहिलेल्या दिवसांसाठी शहरात इतकं काही आहे की पैसे फारसे लागत नाहीत. शाळेतून 'फेरिएनपास' मिळतो, त्यात मुलांसाठीचे सुट्टीतले कार्यक्रम, बरेच फुकट, काही थोड्या पैशांत. पुस्तिका जर्मनमध्ये आहे म्हणून ती खणात टाकू नका, मुलालाच वाचायला लावा. हॅम्बर्गमध्ये राहणाऱ्या शाळकरी मुलांना सप्टेंबर २०२४पासून डॉइचलांड तिकीट मोफत आहे. सहा वर्षांखालच्यांना तसंही तिकीट नाही. मोठ्यांचं यंदा महिना ६३ युरो. म्हणजे चौघांचं कुटुंब त्राव्हेम्युंडेला बाल्टिकच्या वाळूत दिवसभर जाऊन येऊ शकतं, रेल्वेचा वेगळा खर्च न करता. समुद्र बघायला कुक्सहाफेनही चांगलं. तिथे ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मुलं विचारतात, समुद्र गेला कुठे?

शहरातल्या शहरात माझी पहिली शिफारस फेरीची. लांडुंग्सब्र्युकनहून ६२ नंबरची बोट पकडा, ती त्याच तिकिटात येते. बोटीत वरच्या डेकवर बसा. नॉयम्यूलनला उतरलात की एल्बेचा वाळूचा किनारा आणि पुढे चालत गेलात तर एक प्रचंड धोंडा, 'आल्टर श्वेडे', म्हणजे म्हातारा स्वीडिश. १९९९ साली नदीचा तळ उपसताना तो सापडला, वजन २१७ टन. हिमयुगातल्या बर्फाने तो स्वीडनहून इथे ढकलत आणला. परत लांडुंग्सब्र्युकनला आलात की १९११चा जुना भुयारी मार्ग आहे, लिफ्टने खाली उतरायचं आणि नदीखालून चालत पलीकडे. पायी जाणाऱ्यांना फुकट.

पण या किनाऱ्याबद्दल एक गोष्ट कडक शब्दांत सांगायची आहे. एल्बेत मुलांना पोहायला सोडू नका, गुडघाभर पाण्यातसुद्धा हात धरूनच. पाणी शांत दिसतं म्हणून आपण फसतो. इथे समुद्राची भरती-ओहोटी येते, तीन-साडेतीन मीटरची, त्यामुळे प्रवाह जोराचा असतो. आणि मोठं कंटेनर जहाज गेलं की पाणी आधी मागे खेचलं जातं, किनारा रिकामा होतो, मुलं शंख-शिंपले गोळा करायला पुढे पळतात, आणि मग लाट येते. कोकणातल्या मुलाला समुद्र कळतो, पण जहाजाची लाट त्यालाही कळणार नाही. पोहायचं तर उघड्या जलतरण तलावांवर. आणि सुट्टीत 'झेपफेर्डशन', म्हणजे समुद्रघोड्याचा बिल्ला, मिळवायला लावा. २५ मीटर पोहणं, काठावरून उडी आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू वर काढणं. तो बिल्ला मिळाला म्हणजे पोहता आलं असं समजू नका, ती सुरुवात असते.

शाळा सुटल्याच्या रात्री मुलांना जागू द्या आणि प्लांटन उन ब्लोमन बागेत न्या. उन्हाळाभर रोज रात्री दहाला तिथल्या तळ्यावर रंगीत दिव्यांची कारंजी संगीतावर नाचतात, फुकट. दहा ही वेळ मुलांसाठी वेडेपणाची वाटते, पण जुलैच्या सुरुवातीला इथे सूर्यच मावळतो पावणेदहानंतर, त्याआधी दिवे दिसणार कसे? चटई, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. स्वेटर विसरू नका.

पावसाच्या दिवशी श्पायशरश्टाटमधलं मिनिआटुअर वुंडरलांड. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिथे तिकीट नाही, मात्र वेळ आधी राखून ठेवा. हागेनबेक प्राणिसंग्रहालय १९०७चं, गजांऐवजी खंदक वापरून प्राणी ठेवण्याची कल्पना तिथलीच. मुलं थोडी मोठी असतील तर हेही सांगा की याच हागेनबेकने माणसांचीही प्रदर्शनं भरवली, त्यात आपल्या उपखंडातून आणलेली माणसंही होती. हत्तीला गाजर भरवून झाल्यावर सांगितलं तरी चालेल, पण सांगा. जुलैअखेर सोमरडोमची जत्रा सुरू होते. बुधवारी कुटुंबांना सवलत असते, बाकीच्या दिवशी पाळणे खिसा रिकामा करतात.

यंदा एक विशेष. १२ ऑगस्टला संध्याकाळी आठच्या सुमारास हॅम्बर्गहून मोठं खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्य पश्चिमेला अगदी खाली असेल, म्हणून मोकळं क्षितिज शोधा, आणि ग्रहणाचे खास चष्मे आधीच घेऊन ठेवा, साधा गॉगल चालत नाही. त्याच दिवशी आपली दिव्याची अवस आहे. भारतातून आजी आलेल्या असतील तर "ग्रहणात बाहेर नको" आणि "दिवे घासून ठेवा" ही दोन्ही वाक्यं ऐकायची तयारी ठेवा.

आणि भारतात जाणाऱ्यांसाठी. आपल्या सुट्ट्या तिकडच्या सुट्ट्यांशी जुळत नाहीत, हे दुःख जुनं आहे. तुम्ही पोचता तेव्हा आंबा संपलेला आणि भावंडं शाळेत. आषाढी २५ जुलैला आहे, ती मिळेल. नागपंचमी १७ ऑगस्टला, ती विमानात. राखी आणि गणपती शाळा सुरू झाल्यावर. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि शरदातली सुट्टी संपते ३० ऑक्टोबरला, तेही हुकलं. म्हणून जमलं तर १२ जुलैनंतर निघा, तिकडे पाऊस, भाकरी आणि रानभाज्यांचा महिना आहे, मुलांना तो कधी दिसतच नाही. भावंडांच्या शाळेत एक दिवस जाऊन बसण्याची परवानगी मिळते का, तेही विचारून बघा. परतीचं तिकीट मात्र १९ ऑगस्टच्या रात्रीचं काढू नका, साडेतीन तासांचा फरक आणि झोप यांना दोन दिवस लागतात.

ज्यांचं मूल पहिलीत जाणार आहे त्यांना आणखी थोडी सवड आहे, पहिलीचा स्वागत समारंभ बाकी शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांनी होतो. त्या दिवशी मुलाच्या हातात 'शूलट्यूटे' लागते, पुठ्ठ्याचा मोठा शंकू, आत खाऊ आणि वस्तू. ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थ्युरिंगिया आणि सॅक्सनीकडे रुजली. बऱ्याच किटांत हा शंकू पालकांनी उन्हाळ्याआधीच मुलांसोबत बसून बनवायचा असतो, तेव्हा तो दिवसही चुकवू नका. आत चॉकलेटच हवीत असं नाही. रंगपेटी, खोडरबर, पाण्याची बाटली, गावाहून आणलेला राजगिऱ्याचा लाडू, आजोबांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. तळाशी मात्र वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. शंकू जवळजवळ मुलाच्या उंचीचा असतो आणि पूर्ण भरला तर त्याला तो फोटो होईपर्यंतसुद्धा उचलवत नाही.